फोटोचा तास

ती खोली माझ्या गळ्यात पडली ती एका प्रशिक्षणामुळे. माध्यमिक शाळा आधुनिक करायच्या असं सरकारचं धोरण आलं आणि आमच्या शाळेला एक अद्ययावत प्रयोगशाळा मंजूर झाली. शाळा शिक्रापूरहून पाबळकडे जाताना आत वळलं की लागणाऱ्या एका मध्यम गावात. सामान येण्याआधी एका शिक्षकाने प्रशिक्षण घेऊन यायचं होतं. विज्ञानाच्या सरांच्या घरी लग्न निघालं, गणिताच्या सरांची पाठ धरली. मुख्याध्यापक स्टाफरूमच्या दारात उभे राहिले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुम्ही जा. तुम्ही इथं एकट्याच राहता, तुम्हाला घरचं काही नसतं."

घरचं माझं सगळं दौंडला होतं. नवरा रेल्वेत, मालगाडीवर. मुलगी तिथल्याच शाळेत. सासूबाई घरात. मी शिक्रापुरात एक खोली भाड्याने घेऊन राहायची आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की दौंडची वाट धरायची. न्हावऱ्याला गाडी बदलायची, चौफुल्याला पुन्हा बदलायची. पोचेपर्यंत दिवस कलायचा. सोमवारी उजाडायच्या आत परत निघायचं. इतकी वर्षं असंच चाललेलं. पण सरांना "घरचं आहे" असं म्हणायचं मला सुचलं नाही. मी इतिहास-भूगोलाची शिक्षिका, आणि मी रोबोटिक्स शिकायला गेले.

पुण्यात एका हॉलमध्ये आम्हा शिक्षकांना तरुण मुलांनी भराभर स्लाइड दाखवल्या. मी लिहून घेत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "लिहू नका हो, सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवणार आहेत." परत आले तर चित्रकलेच्या खोलीचं रूप बदललेलं. भिंतीवर रॉकेट, ग्रह, मेंदूचं चित्र. खिडक्यांना नव्या जाळ्या. दाराबाहेर लोखंडी सरकतं गेट. आत भिंतीएवढा टच पॅनल, लॅपटॉप, थ्रीडी प्रिंटर, दुर्बीण आणि रोबोटिक्सच्या खोक्यांची रांग. उद्घाटनाला पाहुणे आले, रांगोळ्या झाल्या. पाहुण्यांसमोर प्रिंटरवर एक छोटा हत्ती करून दाखवायचा होता. पाय झाले, पोट झालं, आणि मशीन थांबलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं तेवढंच असतं. त्यानंतर ते मशीन सुरू झालं नाही. कंपनीचा माणूस आधी फोनवर येतो म्हणायचा, मग फोनच उचलेनासा झाला.

कार्यक्रम संपल्यावर सरांनी मला ऑफिसात बोलावलं. आलेल्या सगळ्या सामानाखाली सही करायची होती. प्रशिक्षण झालेलं म्हणून प्रभारी मी.

"सर, प्रिंटर बंद पडलाय."

"बंद कुठं, थांबलाय. दुरुस्त होईल. तुम्ही करा सही, आज अपलोड व्हायला पाहिजे."

मी सही केली. गेटला कुलूप लागलं. किल्ली माझ्या पर्समध्ये आली.

पुढची दोन वर्षं ती खोली आठवड्यातून एकदा उघडायची, फोटोसाठी. प्रयोगशाळा वापरात आहे याचे फोटो दर आठवड्याला ऑनलाइन टाकावे लागत. मी नववीच्या वर्गातून स्वच्छ गणवेशातली मुलं निवडायची, पॅनलसमोर बसवायची, दोघांच्या हातात रोबोटची चाकं द्यायची. शिपाईमामा मोबाइलवर फोटो काढायचे. पाच-सहा काढले की मुलं बाहेर, गेट बंद. पॅनलवरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा आम्ही काढलं नव्हतं. फोटोत ते चमकायचं. या सगळ्या प्रकाराला मुलांनी एक नाव दिलं होतं. बुधवार आला की मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारायचं, "मॅडम, आज फोटोचा तास हाय का?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पीटीचा तास असतो तसा हा एक तास, एवढंच.

एकदा केंदूरचे एक पालक मुलीचा दाखला न्यायला आले होते. गेटच्या फटीतून आत वाकून बघत ते म्हणाले, "मॅडम, लई भारी खोली केलीया. उघडती कवा?"

मी म्हटलं, "उघडते, अधूनमधून."

"उघडत जावा. कोंदट वास मारतोय आतनं."

मला उघडायची भीती वाटायची. पहिल्याच महिन्यात सरांनी सांगून ठेवलं होतं, वस्तू मोडली, हरवली तर प्रभारी जबाबदार. दोन लॅपटॉप वापर नसल्यामुळेच सुरू व्हायचे बंद झाले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीतही सर मला दौंडहून बोलावून घ्यायचे. "एकदा येऊन बघून जा, मॅडम. चोऱ्या वाढल्यात." मी एवढा प्रवास करून यायची, गेट उघडायची, बंद खोलीत उभी राहायची. पंखा लावला तर धूळ उडेल म्हणून तोही लावायची नाही. सगळं जागेवर आहे बघून पुन्हा एसटीत बसायची.

मुलगी नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली त्या वर्षी माझा बदलीचा अर्ज मंजूर झाला. आमच्या संस्थेच्या शाळा जिल्हाभर आहेत. पती-पत्नी एकत्र या कारणासाठी मी कितीतरी वेळा अर्ज केला होता. जूनमध्ये शाळा उघडली आणि आदेश आला. दौंडची शाखा. घरापासून चालत जाण्याइतकी जवळ.

मी वऱ्हांड्यातूनच मुलीला फोन केला.

"मम्मी, खरं सांग."

"खरं. माझ्या हातात कागद आहे."

"म्हणजे दहावीला तू घरी?" आणि तिने फोन कानाला तसाच धरून आजीला हाक मारली. तिची ती हाक मला अजून ऐकू येते.

दुपारी मी सरांकडे गेले. त्यांनी आदेश वाचला, चष्मा काढला. "अभिनंदन, मॅडम. चार्ज द्या आणि मोकळ्या व्हा. चार्ज दिल्याशिवाय मला तुम्हाला कार्यमुक्त करता येत नाही."

चार्ज द्यायचा म्हणजे खोलीतली प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि त्याने मिळाली म्हणून सही करायची. मला वाटलं, एक दुपार लागेल. विज्ञानाचे सर म्हणाले, "प्रिंटर चालू करून द्या, मी आत्ता घेतो." गणिताचे सर निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. माझं पेन्शनचं काम अडकेल." इंग्रजीच्या बाईंनी हातच जोडले. कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही सही केली नसती.

मी पुन्हा सरांकडे गेले. "सर, जे बंद आहे ते बंद म्हणून लिहू. मग कुणीही घेईल."

ते टेबलावरची काच पुसायला लागले. "दोन वर्षं आपण चालू म्हणून फोटो टाकतोय. आता बंद लिहिलं तर वरून विचारतील, फोटो कशाचे टाकले? मला दोन वर्षं राहिलीत, मॅडम. मी वाईट माणूस नाही. पण मला हे झेपणार नाही."

ते खरंच वाईट नव्हते. त्यांच्यावरही वरून रोज मेसेज यायचे, हे करा, ते भरा, आजच. पण माझा आदेश त्यांच्या टेबलाच्या खणात पडून राहिला आणि जून संपत आला.

मग एक दिवस आमची नवी शिक्षणसेविका नळाजवळ माझ्यापाशी आली. शिरूरची मुलगी, पहिलीच नोकरी, तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची आणि मग कायम व्हायचं. त्यातलं पहिलंच वर्ष. घरात आई अंगणवाडीत, लहान भाऊ शिकतोय. तिला कुणी मोठ्याने बोललेलं मी ऐकलं नव्हतं, ना तिने कुणाला.

"मॅडम, सरांनी बोलावलं होतं. चार्ज तुम्ही घ्या म्हणाले."

"मग?"

"नाही म्हणता येईल का मला?" ओढणीने ती हात पुसत राहिली. "तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तर करते सही. तुमची मुलगी दहावीला आहे ना."

नळ सुरूच होता. मी तो बंद केला. तिने सही केली असती तर मी त्याच आठवड्यात दौंडला गेले असते. आणि पुढे कधी तपासणी आली, कुणी प्रिंटर चालू करून दाखवा म्हणालं, तर कायम व्हायच्या आधीच तिच्यावर बालंट आलं असतं. हे तिला नीट माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं.

"नको करूस," मी म्हटलं. "सरांना सांग, मॅडमनी द्यायला नकार दिला. माझं नाव घे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथे थांबवेना. मी वर्गावर गेले. सातवीचा तास होता, नकाशा वाचन. मुलांना मी पश्चिम दिशा उलटी सांगितली. एका मुलीने चूक काढली तेव्हा कळलं.

घरी सांगणं याहून अवघड गेलं. शनिवारी नवरा ड्यूटीवरून आलेला, जेवण चाललेलं. मी सगळं सांगितलं. तो जेवत राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्याच्या पोरीचं बघितलंस. आपल्या पोरीचं कोण बघणार?"

मुलगी ताट उचलून आत गेली. भांडी घासताना मी तिच्या शेजारी उभी राहिले, तेव्हा तिने विचारलं, "मग कुणीतरी दुसरं करेल ना सही?"

"करेल."

"म्हणजे नाही," ती म्हणाली आणि भांडं विसळायला घेतलं.

पावसाळा मी शिक्रापूरच्या त्या खोलीत काढला. रस्त्यावरून ट्रक जायचे तेव्हा खिडकीचं तावदान थरथरायचं. शेजारच्या खोलीत कारखान्यात जाणारी बिहारची मुलं राहत. त्यांना मी जाणार म्हणून कळलं होतं, त्यांनी पेढेही खाल्ले होते. महिनाभराने एकाने जिन्यात विचारलं, "दीदी, छुट्टी नहीं मिली?" त्याच्या ठेकेदाराने त्याचा पगार अडकवून ठेवला होता, म्हणून तोही छठच्या सणाला गावी जायचं की नाही या विचारात होता. आम्ही दोघं जिन्यात उभे राहून हसलो. कशाला हसलो कोण जाणे.

संध्याकाळी मुलीचा फोन यायचा तो भूमितीसाठी. मी फोन भिंतीला टेकवून तिची वही बघायची. भूमिती माझा विषय नाही, पण समरूप त्रिकोण मी तिच्यासाठी पुन्हा शिकले. ती म्हणायची, "आकृती दिसतच नाही मला, मम्मी. रेषाच रेषा दिसतात." समोर असते तर पेन्सिल घेऊन दाखवलं असतं. फोनवर मी नुसती म्हणायची, "पुन्हा काढ. सावकाश."

ऑगस्टमधला एक बुधवार. मी नववीची मुलं खोलीत नेली, बसवली, शिपाईमामा फोन घेऊन तयार. पुढे बसवलेली एक उंच मुलगी उठून उभी राहिली.

"मॅडम, मी वर्गात जाऊ का?"

"का गं?"

"नुसतंच बसायचं असंल तर आम्ही वर्गातच बसतो की. हितं आन् काय येगळं हाय?"

मामांनी फोन खाली केला. मला राग यायला हवा होता, शाळेत तशी पद्धत आहे. पण मला तिच्याशी भांडावंसंच वाटेना. दोन महिने मी या खोलीपायी अडकून पडले होते, घरच्यांशी नीट बोलता येत नव्हतं, आणि ही मुलगी दोन वाक्यांत सगळं बोलून मोकळी झाली होती.

मी पॅनलपाशी गेले आणि कोपऱ्यातून नख घालून ते प्लास्टिक ओढलं. ते मोठ्याने चरचरत निघालं. मुलं आधी दचकली आणि मग हसायला लागली. एक खोकं उघडलं, दुसरं उघडलं. "काढा सगळं बाहेर," मी म्हटलं. "मला यातलं फारसं येत नाही. बघू काय जमतं."

त्या दिवशी मोडलं काहीच नाही. पुढच्या आठवड्यात एका रोबोटचं चाक मोडलं, मग एक तारेची जोडणी जळली, खोलीत वास सुटला. सर धावत आले.

"मॅडम, काय चाललंय? तुटलं तर कोण भरून देणार?"

"सर, सगळं माझ्याच नावावर आहे ना? मग तुटलं तरी माझंच."

ते दारात उभे राहिले. मुलं खाली मान घालून बसली होती. जाताना सर मामांना म्हणाले, "फोटो काढा यांचे. हे तरी खरे निघतील."

त्या वर्षी आम्ही फार मोठं काही केलं नाही. शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी रोज भरून वाहायची, म्हणून मुलांनी टाकी भरली की वाजणारी घंटा केली. ती दोन दिवस छान वाजली. तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी असतानाच वाजायला लागली आणि थांबेना, मधल्या सुट्टीत मामांनी वर चढून ती उपटून टाकली. मुलांनी पुन्हा बसवली. ती नवी शिक्षणसेविकाही येऊन बसू लागली, मुलांबरोबर खाली सतरंजीवर. त्या घंटेची मजा यायची, हे मी नाकारत नाही. पण चार वाजता गेट ओढून कुलूप घालताना रोज मी दिवस मोजायची. आज सोमवार. आज मंगळवार. शनिवारपर्यंत किती.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा आली. मला वाटलं होतं रजा टाकून निदान त्या दिवसांत मुलीजवळ राहता येईल. पण आम्हा सगळ्यांच्या पर्यवेक्षणाच्या ड्यूट्या लागल्या, माझी शिरूरच्या एका केंद्रावर. परीक्षेच्या काळात रजा मिळत नाही. भूमितीच्या दिवशी सकाळी फोनवर मुलगी एवढंच म्हणाली, "मी नीट करीन. तू टेन्शन घेऊ नकोस." मोबाइल केंद्रावर जमा करायचा होता. मी तो बंद करून दिला.

घंटा झाली, प्रश्नपत्रिका वाटल्या. एक विद्यार्थी गैरहजर होता, त्याची प्रश्नपत्रिका माझ्या टेबलावर उरली. राज्यभर त्याच वेळी तोच कागद उघडला होता, दौंडलाही. मी तो वाचला. दुसऱ्या पानावर समरूप त्रिकोण होते. एकात एक अडकलेली आकृती, जिच्यात माझ्या मुलीला नुसत्या रेषाच रेषा दिसायच्या.

मी वर्गात फिरत राहिले. बाकांच्या ओळीतून पुढे, मागे. वर्गातून बाहेर पडायची मला परवानगी नव्हती, खिडक्या अर्ध्या लावलेल्या. मुलं खाली मान घालून लिहीत होती. खिडकीजवळची एक मुलगी त्याच आकृतीवर थांबली होती. पेन्सिल टेकवायची, उचलायची. मला तिच्या बाकापाशी थांबायचं नव्हतं, पाय थांबायचे. तिने वर बघितलं, तिला वाटलं मी तिच्यावर संशय घेतेय. मी घाईने पुढे गेले. आयुष्यात कधी मला घड्याळाचा इतका राग आला नव्हता. मनात मी एकच म्हणत होते, सावकाश, पुन्हा काढ, सावकाश. कुणाला म्हणत होते ते मलाच कळत नव्हतं.

पेपर गोळा करताना त्या मुलीचा कागद हातात आला. आकृती काढलेली होती. बरोबर की चूक, बघायचा मला अधिकार नव्हता.

बाहेर येऊन फोन लावला तर सासूबाईंनी उचलला. "झोपलीये. आल्या आल्या झोपली. काही बोलली न्हाई." मी शिरूरच्या स्टँडवर बसून राहिले. नवऱ्याचा मेसेज आला, त्याची गाडी कुठेतरी सिग्नलला उभी होती. त्याने लिहिलं होतं, तिला मी स्टेशनवरून फोन केला होता, रडत नव्हती. वर्षभरात आमच्यातलं हे पहिलं वाक्य, ज्यात राग नव्हता.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. भूमितीत बेताचे. तंत्रनिकेतनच्या डिप्लोमासाठी तिने पुण्यातलं कॉलेज घेतलं, वसतिगृहात राहून. मी कारण विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

वेळेत कार्यमुक्त न झाल्यामुळे माझा तो बदलीचा आदेश केव्हाच रद्द झाला होता. पुढच्या वर्षी मुख्याध्यापक निवृत्त व्हायच्या थोडं आधी आणखी एक नवी योजना आली. जुनी प्रयोगशाळा काढून नवी, अधिक आधुनिक बसवायची. जुनं सामान कालबाह्य ठरलं. दोन माणसं टेम्पो घेऊन आली. काय चालतं, काय बंद, कुणी विचारलंच नाही. सगळं एका रांगेत ठेवलं, बघितलं, निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी केलेलं, असा शिक्का मारला आणि प्रिंटर, लॅपटॉप, खोकी टेम्पोत चढली. ज्या एका सहीसाठी मी अडकले होते, ती मागायलाही कुणी उरलं नाही. मुलं फाटकापर्यंत टेम्पोच्या मागे गेली. ती उंच मुलगी तेव्हा दहावीत होती. ती मामांशी भांडून टाकीवरची घंटा मागून घेत होती, ती आम्ही बनवलीया, सरकारची न्हाई म्हणून. मामांनी दिली.

मी पुन्हा अर्ज केला, तो मंजूर झाला आणि आता मी दौंडच्या शाखेत आहे. घरून चालत शाळेत जाते. नवी शिक्षणसेविका तिकडे कायम झाली, तिचा पेढ्यांचा बॉक्स कुणाच्या तरी हाताने आला होता.

मी इथे रुजू झाल्यावर पहिल्याच शनिवारी मुलगी वसतिगृहातून घरी आली. गाडी उशिरा पोचली. तिने हातपाय धुतले, मी वाढलेलं अर्धं खाल्लं आणि खाटेवर आडवी झाली ती गाढ झोपली. नवरा ड्यूटीवरून आला, बूट दाराबाहेर काढून आत डोकावला. "आलीय?" त्याने हळूच विचारलं. मी मान हलवली. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो, तिला जाग येऊ नये म्हणून चहाची भांडीही वाजू न देता. सोमवारी उजाडायच्या आत ती परत जाणार होती. मी विचारलं, "किती वाजताची गाडी आहे तिची?" तो म्हणाला, "अजून आजचा दिवस आहे, उद्याचा आहे." आणि त्याने माझ्यापुढे कप सरकवला.